उधाण्यांची हाक

आधी नावं सांगा, आडनावासकट. हसू नका. करंजखारला आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देण्याआधी आडनाव विचारायचं, ही इथली रीत आहे. सोयरीक जमवायला नाही विचारत. कशाला विचारतो ते कळेल, आधी बांधावर चला. आणि चपला हातात घ्या. मागच्या खेपेला एक साहेब बूट घालूनच निघाले होते. पहिल्याच वळणावर चिखलात बसले, फोटो काढायचे राहून गेले.

हा आमचा बांध. डावीकडे खाडी, उजवीकडे भात. आत्ता ओहोटी आहे म्हणून खाडी तुम्हाला गरीब दिसतेय. त्या दगडावर काळी रेघ आहे बघा, उधाणाला पाणी तिथवर चढतं, म्हणजे या भाताच्या डोक्यावरून वर. मधे फक्त ही माती. आणि बांधाच्या पोटात ही जी मोरी दिसते, तिला आम्ही उघाडी म्हणतो. तिच्या खाडीकडच्या तोंडावर हे लाकडी दार वरच्या बाजूनं टांगलेलं आहे. भरती आली की खाडीचं पाणीच ते दाबून मिटवतं, खारं आत येत नाही. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी ते ढकलून उघडतं आणि निघून जातं. कडी नाही, कुलूप नाही. मधे काही अडकलं तर काढायला तेवढा माणूस लागतो.

हिचं नाव पवळाईची उघाडी. दरसाल श्रावणात, कृष्णाष्टमीच्या दिवशी, सगळा गाव उपाशीपोटी इथं उभा राहतो आणि घरांच्या नावानं हाका मारतो. पण ती नावं आमची नव्हेत. गावात खताळ आहेत, कोकरे आहेत, ठोंबरे आहेत. हाका मारतो त्या मोकल, कांठे, बोरले, शिंगवे आणि उधाणे या घरांच्या. यातलं एकही घर आज गावात नाही. असं का, त्याची गोष्ट जुनी माणसं सांगत आली, ती अशी.

फार पूर्वी म्हणे ही खाडी दोन राजवटींच्या मधोमध सापडली होती. खाडीच्या तोंडाशी एक किल्ला, वर डोंगरावर दुसरा, आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. करंजखारची माणसं दोघांनाही भात देत, मीठ देत आणि दोघांच्या भांडणापासून चार हात लांब राहत. त्यांना बांधाच्या कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. ही सगळी जमीन त्यांच्या वाडवडिलांनी समुद्राकडून टोपली टोपली माती टाकून काढून घेतलेली, आणि समुद्र काही ते विसरलेला नव्हता.

एका वर्षी खाडीच्या किल्ल्यावर नवा किल्लेदार आला. त्यानं गावाला सांगितलं, देवासमोर शपथ घ्या की वेळ आली तर आमच्या बाजूनं हत्यार धराल. गावानं म्हातारे पाठवले. म्हाताऱ्यांनी हात जोडून सांगितलं की भात वाढवून मागा, देऊ, पण भाला धरणार नाही, डोंगराकडच्या गावांतही आमच्या लेकी दिलेल्या आहेत. किल्लेदारानं सगळं ऐकून घेतलं आणि पानसुपारी देऊन त्यांना परत पाठवलं. म्हातारे खुशीत घरी आले. पानसुपारी मिळाली म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटलं. भोळी माणसं होती.

पवळाई ही उधाण्यांच्या घरची सून. तेव्हा तिला पवळाच म्हणत, आई वगैरे नंतर आमच्या लोकांनी लावलं. उघाडी सांभाळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या उधाण्यांकडे होतं. बांधाचे पट्टे मात्र घराघरांत वाटलेले असत, हा मोकलांचा, तो कांठ्यांचा, असे. बांधाचं काम निघालं की उधाण्यांच्या माणसानं उघाडीवर उभं राहून एकेका घराची हाक मारायची. त्या घरानं ‘ओ’ द्यायची, आणि मगच त्या पट्ट्यावर चिखलाचं पहिलं ढेकूळ पडायचं. ओ आली नाही तर हात लावायचा नाही. कारण ज्यानं ओ दिली त्याचा पट्टा, पुढं तो फुटला तर जाबही त्यालाच. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावर गाव चालत होता.

आश्विनातली पौर्णिमा होती म्हणे. भात पिवळं पडायला लागलं होतं. सकाळीच दवंडी आली की किल्लेदाराचा हुकूम ऐकायला सगळ्या पुरुषांनी देवळात जमावं. पवळाचा नवरा धाऊ खांद्यावर फावडं टाकून उघाडीकडेच निघाला होता. वाहत आलेला एक ओंडका दारात अडकला होता, त्यामुळे दार मिटत नव्हतं, आणि दुपारी पुनवेचं उधाण यायचं होतं. धाऊनं फावडं बायकोच्या हातात दिलं.

“तू उघाडी बघ,” तो म्हणाला. “मी आलोच.”

पवळानं लेकीला, सोनीला, सांगितलं की चुलीवर भात आहे, कढ आला की उतरव. आणि ती बांधाकडे गेली. घरातनं निघताना तिनं मागं वळून बघितलंही नाही. कशाला बघेल? रोजचं जाणं ते.

ओंडका चांगलाच रुतला होता. पवळा खाडीच्या अंगानं चिखलात उतरली आणि फावड्यानं त्याच्या बुडाखालचं उकरायला लागली. पाणी भरत होतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. सोडून जावं तर खारं आत शिरणार, आणि हाताशी आलेलं भात करपून जाणार. ती कुणाचं बोलावणं आलं असतं तरी गेली नसती. तिवरांच्या मागं असल्यामुळे तिला गावाकडचं काही दिसत नव्हतं, आणि पाण्याच्या आवाजात काही ऐकूही येत नव्हतं. पाणी छातीला लागलं तेव्हा ओंडका सुटला. दार मिटलं. पवळाला बरं वाटलं, तसंच बरं जसं काम झाल्यावर कुणालाही वाटतं.

मग ती बांधावर चढली.

भरती पुरी झाली होती आणि किल्ल्याचे मचवे माणसं भरून सुटले होते. देवळाची दारं बाहेरून लावून पुरुषांना आधी नेलं होतं, बायकापोरांना नंतर. पुरुषांचे मचवे दक्षिणेकडे वळले आणि बायकांचे सरळ दर्यात निघाले. कोण कशात आहे ते इतक्या लांबून दिसत नव्हतं, माणसं नुसती ठिपक्याएवढी. तेवढ्यात गावातून धूर उठला. पवळाच्या मनात आलं, सोनीनं भात उतरवला नाही वाटतं, करपला. मग दुसरीकडून धूर आला, मग तिसरीकडून. छपरं पेटत होती. तिला तरीही ते भाताचंच सुचत राहिलं.

ती ओरडली नाही, असं सांगतात. रडलीही नाही. पुढं ती पुष्कळ वर्षं जगली, पण तिच्या डोळ्यांत टिपूस आलेलं कुणी पाहिलं नाही. अंगावरचा चिखल वाळून तडकला तरी ती तिथंच उभी होती.

किल्ल्याची माणसं येऊन भात कापून घेऊन गेली. तिनं वाचवलेलं भात. ते तिनं तिवरांत बसून बघितलं आणि तिला काहीच वाटलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग यायलाही आत काहीतरी जागं लागतं. ती चिंबोऱ्या पकडून खायची, डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर पाणी प्यायची, तिवरांत पाचोळ्यावर निजायची. आणि भरती-ओहोटीच्या वेळेला उघाडीवर जाऊन यायची. दारात काही अडकलं असेल तर काढायची. धाऊनं उघाडी बघायला सांगितली होती आणि तो येणार होता, त्याच्यापुढचा विचार तिनं केला नाही.

गावची गुरं सुटून रानटी झाली होती. तरी दिवस कलला की ती आपापल्या जळक्या गोठ्यापाशी येऊन उभी राहायची, आणि कुणी येत नाही असं बघून परत जायची. पवळाही तशीच आपल्या जोत्यापाशी जाऊन यायची. गुरांना तिची आणि तिला गुरांची सवय झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आलो.

आम्ही म्हणजे आमचे पूर्वज. आता गोष्टीत आपल्याच माणसांचं आलं म्हणून मी ती गोड करून सांगणार नाही. ते घाटावरचे, जोंधळा पिकवणारे, माळरानावरचे. किल्लेदारानं त्यांना कळवलं की खाली तयार जमीन पडून आहे, कसणारं कुणी नाही. कुणी नाही म्हणजे काय, हे विचारायला कुणाला सुचलं नाही. सुचलं असलं तरी विचारलं नाही. बैल आणि नांगर घेऊन ते घाट उतरले आणि बघतात तो जळके खांब, जोती आणि अंगणाअंगणांत घराविना उभी असलेली तुळशीवृंदावनं. बायांनी एकमेकींकडे बघितलं म्हणे. पण आता बैल उतरले होते, परत चढवायचे कुठं?

त्यांचा म्होरक्या सटवाजी खताळ. कामाला वाघ, पण सल्ला म्हणून कुणाचा घ्यायचा नाही. त्याची बायको कोंडाबाई. तिनं उधाण्यांच्या जोत्यालगत खोपट घातलं. घाटावर रीत अशी की नव्या जागी गेलं की जागेवाल्याचा मान द्यायचा, म्हणजे त्या जागेचा जो कुणी अदृश्य धनी असेल त्याला रोज नैवेद्य ठेवायचा. कोंडाबाई दिवेलागणीला जोत्यावर भाकरी ठेवायची, वृंदावनात दिवा लावायची आणि म्हणायची, ज्याचं असेल त्याचं. सकाळी भाकरी नसायची. जागेवाला पावला म्हणून कोंडाबाईला समाधान.

पवळा ती भाकरी तिवरांत बसून खायची. जोंधळ्याची भाकरी तिनं जन्मात खाल्ली नव्हती. तिची चव कशी होती तेही तिला सांगता आलं नसतं.

वळवाचा पाऊस पडून गेल्यावर एक दिवस ओहोटीच्या वेळी सटवाजी बांधावर फिरायला आला आणि त्याला उघाडीचं दार सताड उघडं दिसलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समोर एवढा समुद्र, आणि घराचं दार उघडं. त्यानं गावातली गडीमाणसं गोळा केली, नांगराच्या लोखंडाचे खिळे घडवून घेतले आणि दार चौकटीला ठोकून टाकलं. वरून चिकणमाती लिंपली. भरती आली, एक थेंब आत आला नाही. सटवाजीनं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, आधीचे लोक अगदीच आळशी होते, साधं दार लावून घेत नव्हते.

पवळा हे सगळं तिवरांतून बघत होती. नुसती हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली असती. ती बोलली नाही. पुढं काय होणार ते तिला लख्ख दिसत होतं, आणि तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. आमच्याकडे हे लपवून सांगत नाहीत. घर जळाल्यापासून तिला पहिल्यांदा काही वाटलं ते हे. मग तेही विझून गेलं. दार ठोकल्यावर उघाडीवर करण्यासारखं काम उरलं नाही, म्हणून ती उघाडीवर जायची थांबली.

आषाढ लागला. घाटावरच्या माणसांनी असा पाऊस पाहिला नव्हता. आधी ते खूश झाले, एवढं गोडं पाणी म्हणून. मग पाणी साचत गेलं. रोपं बुडाली. शेतात तळं झालं, तळं वाढून खोपटांच्या उंबऱ्याला लागलं. पाण्याला जायला वाटच नव्हती, ती सटवाजीनं ठोकली होती. आषाढी अवसेला, ओहोटी लागून खाडीचं पाणी खाली उतरलेलं असताना, आतल्या पाण्याच्या दाबानं उघाडीशेजारी बांध फुटला. मोठी खांड पडली. शेतातलं सगळं पाणी खाडीत गेलं, आणि भरती आल्यावर खाडी शेतात आली.

सटवाजीनं हातपाय गाळले नाहीत, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. माळावर बांध घालतात तशी शेतातली माती खणून त्यानं खांडीत ओतली. ती एका भरतीत गेली. पुन्हा ओतली, पुन्हा गेली. नारळी पौर्णिमेचं उधाण आलं आणि खांड दुप्पट झाली. आता श्रावणातल्या अवसेचं उधाण आलं की उरलेला बांध जाणार, हे सटवाजीलासुद्धा कळलं. जोंधळा संपत आला होता. घाट चढून परत जावं तर तिकडची जमीन भाऊबंदांना देऊन आलेले.

पवळा त्याच सुमारास एकदा खांडीच्या पलीकडच्या काठावर आली होती. बांध फुटला तो नेमका उधाण्यांच्या पट्ट्यात. फुटलेल्या बांधाच्या पोटातून पेंढ्याचे थर बाहेर आले होते, सासऱ्यानं रचलेले, धाऊनं तुडवलेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आणि तिच्या ध्यानात आलं की हा बांध गेला तर चार पावसाळ्यांत इथं तिवरं माजतील. मग धाऊ आला आणि खाडीतून त्यानं बघितलं तर त्याला गाव कुठं होतं हेच कळायचं नाही. तो मचवा वळवून निघून जाईल.

खाली शेतात कोंडाबाई कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी होती. बुडालेली रोपं हातानं चाचपून उपटत होती, धुऊन टोपलीत टाकत होती, जणू धुतल्यावर ती जगणार होती. अंगभर चिखल. पवळा बांध उतरून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

कोंडाबाई घाबरली नाही. घाबरायचं त्राण उरलं नव्हतं. तिनं विचारलं, “कोन गं तू? बाई हायेस का भूत?”

“मना ठाव नाय,” पवळा म्हणाली. कितीतरी दिवसांत ती बोलली नव्हती, तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. मग म्हणाली, “खिळे काढा. दार आपलं आपण मिटतं.”

भाकरी कोण खात होतं ते कोंडाबाईला तेव्हा कळलं. पवळाच्या हाताला धरून तिनं तिला आपल्या नवऱ्यापुढं नेलं. पवळानं मोजक्या शब्दांत सांगितलं. शेतातली माती चालायची नाही, ती विरघळते. खाडीतला निळा चिखल विटेसारखा कापायचा, हातोहात आणायचा, त्यात पेंढा घालून पायानं तुडवायचा. आणि उधाणात नाही करायचं. अष्टमीला पाण्याला जोर नसतो, त्या भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, खांड बुजली तर बुजली. सटवाजीनं मान खाली घालून ऐकलं. ऐकून झाल्यावर त्याच्यानं राहवलं नाही. तो म्हणाला की बाई, तुमच्या माणसांना आम्ही हाकललेलं नाही.

“नाय हाकललंत,” पवळा म्हणाली. “पन आलात.”

सटवाजी उठला आणि खिळे काढायला गेला. त्या दिवसानंतर तो कमीच बोलायचा, असं आमच्या घरात सांगतात.

कृष्णाष्टमीला दुपारी ओहोटी पुरी उतरत आली. सगळी माणसं बांधावर रांगेनं उभी. चिखलाची ढेकळं कापून तयार, पेंढा तयार. भरती वर चढायच्या आत काम व्हायला हवं होतं. पवळा उघाडीवर चढली आणि तिनं हाक मारली, “मोकल!”

कुणाला काही कळेना. ती थांबली. बांधावर वाऱ्याशिवाय आवाज नाही. तिनं पुन्हा हाक मारली, “मोकल!” आणि पुन्हा थांबली. सटवाजीला राहवेना. तो म्हणाला की ती माणसं नाहीत आता, हाका कुणाला मारता, वेळ चाललाय. पण पवळाला ते ऐकूच गेलं नाही. तिला आयुष्यभर एकच ठाऊक होतं, ओ आल्याशिवाय ढेकूळ पडत नाही. ती अडून बसली नव्हती हो, तिचे हात खरोखरच उचलत नव्हते. ती तिसऱ्यांदा ओरडली, आणि खाली खाडीचं पाणी भरायची वेळ जवळ येत चालली.

“ओ,” कोंडाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पवळानंही बघितलं, बराच वेळ. मग ती उघाडीवरून उतरली, कोंडाबाईला हाताला धरून मोकलांच्या पट्ट्यावर नेऊन उभं केलं आणि तिच्या हातात पहिलं ढेकूळ दिलं. “ह्यो तुमचा,” म्हणाली. “फुटला तर तुमी.” मग परत येऊन तिनं कांठ्यांची हाक मारली. कोकऱ्यांच्या म्हाताऱ्यानं ओ दिली. बोरल्यांना ठोंबऱ्यांनी दिली. ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, ज्यांच्या जोत्यांवर ते राहत होते, त्यांच्या नावांना आमची माणसं एकामागून एक ओ देत गेली. शिंगव्यांच्या वेळी तर ओ देणारा गडी रडत होता, आणि कशाला रडतोय ते त्याला सांगता येत नव्हतं. पवळा कोरडीच.

शेवटचा पट्टा खांडीचा. पवळा उघाडीवर ताठ उभी राहिली आणि तिनं आपल्याच घराची हाक मारली. “उधाणे!”

कोंडाबाईनं ओ द्यायला तोंड उघडलं. पवळानं चटकन उतरून आपला चिखलाचा हात तिच्या तोंडावर ठेवला.

“ही नको,” ती म्हणाली. “ही तेंची.”

खाडीचं पाणी उतरायचं थांबलं आणि भरायला लागलं, तेवढा वेळ ती बांधावरून दर्याकडे बघत उभी होती. पाणी फिरल्यावर तिनं स्वतः पहिलं ढेकूळ खांडीत टाकलं. ओ नसताना पडलेलं करंजखारच्या बांधावरचं ते पहिलं ढेकूळ. त्यामागोमाग सगळा गाव तुटून पडला. बायका, माणसं, म्हातारी, सगळी चिखलानं एकच दिसत होती. भरती वर चढायच्या आत खांड बुजली. अवसेचं उधाण आलं, बांधाला टेकलं आणि परत गेलं.

पुढच्या साली भात आलं. पहिलं मापटं सटवाजी स्वतः पवळाकडे घेऊन गेला. तिनं ते रांधलं, कढ आल्यावर उतरवलं आणि समोर ठेवून बसली. दोन घास खाल्ले म्हणे. कोंडाबाईनं विचारलं, गोड लागतंय का? पवळा म्हणाली, लागत असंल.

तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. घर बांधून दिलं, मान दिला, पुढं पुढं बायका तिच्या पायाही पडायला लागल्या, ते तिला आवडायचं नाही. तिनं आमच्या दोन पिढ्यांना चिखल कापायला शिकवलं. पण ती आमच्यातली झाली, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. दरसाल अष्टमीला ती हाका मारायची, शेवटची हाक आपल्या घराची, आणि पाणी फिरेस्तोवर दर्याकडे बघत थांबायची. किल्लेदार मेला, किल्ला पडला, राजवट बदलली. कुणी म्हणालं त्या माणसांना दूरच्या मिठागरांवर नेलं, कुणी म्हणालं दर्यापार विकलं. पवळा ऐकून घ्यायची आणि उघाडीवर जायची.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा कोंडाबाईही म्हातारी झाली होती. उशाशी बसून तिनं एवढ्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. म्हणाली, पवळे, आता तुझ्या घराची हाक आम्हीच मारणार, तर ओ पण आम्हीच देऊ का? पट्टा तुझा असा मुका राहायला नको. पवळानं मान हलवली.

“हाक मारा. ओ देवू नका,” ती म्हणाली. “उद्या कोन आला आनि तेनं आयकलं, तर तेला वाटल, जागा भरली.”

एवढंच. त्या रात्री की दुसऱ्या दिवशी, ते कुणी नीट सांगत नाही, पण ती ओहोटीबरोबर गेली. हा उघाडीच्या वरचा शेंदूर न लावलेला दगड दिसतोय ना, तो तिचा. शेंदूर लावायचा नाही, ती देव नव्हे.

आता दार सागाचं आहे, मोरी सिमेंटची आहे, चिखल ट्रॅक्टरनं येतो. पोरं मुंबईहून अष्टमीपुरती येतात आणि कपडे खराब झाले म्हणून कुरकुरतात. पण आजही त्या दिवशी उघाडीवरून हाक जाते. मोकलांना आम्ही खताळ ओ देतो, कांठ्यांना कोकरे. लहान पोराला सुद्धा आपण कुणाच्या नावाला ओ देतो ते पाठ असतं. आणि शेवटी उधाण्यांची हाक जाते. तेव्हा एवढा गाव, पण कुणी खोकतसुद्धा नाही. पाणी फिरेपर्यंत सगळे खाडीकडे तोंड करून उभे राहतात, मग गुपचूप त्या पट्ट्यावर ढेकळं टाकून घरी जातात.

म्हणून आल्या आल्या आडनाव विचारलं. इथं येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, सरकारी माणसाला विचारतो, भांडी विकायला येणाऱ्याला विचारतो. तुम्ही नावं सांगितलीत, पण सगळ्यांनी नाही सांगितली. त्या मागं उभ्या आहेत त्या ताई, त्यांचं राहिलं. आणि तुमच्या आज्यांची, पणज्यांची माहेरची आडनावं कुणाला ठाऊक आहेत का? आठवून बघा. त्यांच्यात कुणी उधाणे?

नाही? बरं. राहू द्या. चला, पाणी भरायला लागलं. सांभाळून उतरा, इथं निसरडं आहे.